जमिनीखालची आग, जमिनीवरचं लाकूड

के-ड्रामा बघणाऱ्यांना हे दृश्य पाठ असतं. बाहेर बर्फ पडतंय. नायिका दारातच बूट काढते, मोज्यांवर आत येते, आणि चांगला ऐसपैस सोफा रिकामा असताना त्याला पाठ टेकून खाली जमिनीवर बसते. रामेनचं पातेलं खाली, गप्पा खाली, रडता रडता डोळा लागतो तोही खालीच. आपल्याला त्यात काही वेगळं वाटत नाही, कारण मांडी घालून बसणं आपल्या घरातलंच. पण सोलमध्ये जानेवारीत थंडीची लाट आली की पारा उणे दहाच्याही खाली जातो. अशा दिवसांत फरशीला पाय लावणंही नको वाटावं, आणि ही माणसं तिच्यावर झोपतात.

याचं कारण आता बऱ्याच जणांना माहीत आहे. तिथली जमीन गरम असते. काँक्रीटच्या पोटात नळ्या आणि नळ्यांत गरम पाणी. जमीन तापवण्याच्या या पद्धतीला कोरियन लोक ओंडोल म्हणतात. पण त्याच दृश्यात आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ती जमीन लाकडाची दिसते. रेषा, गाठी, फळ्यांचे सांधे, सगळं लाकडाचं. आणि ती अख्ख्या लाकडाची जवळजवळ कधीच नसते.

मी पुण्यात घरांच्या आतल्या कामांचे, म्हणजे फरशी, फर्निचर, फॉल्स सीलिंग यांचे ठेके घेतो. बायकोच्या नोकरीमुळे दोन वर्षं सोलच्या दक्षिणेला सुवॉन शहरात राहिलो आणि धंद्याची खोड म्हणून तिथल्या जमिनी न्याहाळत राहिलो. गरम काँक्रीटवर लाकूड कसं बसवायचं, ही वरवर पाहता कारागिरांची अडचण. पण तिचा माग काढत गेलं की तो राजवाड्यापासून गरिबांच्या वस्तीपर्यंत जातो, आणि वाटेत पुष्कळ माणसं झोपेत मेलेली सापडतात.

एका घरात दोन जमिनी

जुन्या पद्धतीच्या कोरियन घराला हानोक म्हणतात. या घरात दोन प्रकारच्या जमिनी असत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नसे.

पहिली ओंडोलची. स्वयंपाकघरातल्या चुलीचं तोंड शेजारच्या खोलीच्या जमिनीखाली उघडायचं. वर भात शिजतोय आणि खालचा जाळ नि धूर दगडी चरांमधून खोलीभर फिरून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतोय, अशी रचना. चरांवर सपाट दगडांच्या लाद्या, लाद्यांवर मातीचा लेप, आणि मातीवर तुतीच्या सालीच्या चिवट कागदाचे थर. त्या कागदाला तेल पाजायचं. तेल मुरलं की कागद मधासारखा पिवळा, गुळगुळीत आणि ओल न धरणारा होई. हीच जमीन, हाच बिछाना, हेच जेवणाचं पान मांडायची जागा.

दुसरी जमीन लाकडाची, तिचं नाव मारू. दोन खोल्यांच्या मध्ये एक मोठी, अंगणाकडे उघडी पडवी असे आणि तिला उचललेल्या फळ्यांची जमीन. खाली आग नाही, उलट मोकळी हवा. ही उन्हाळ्याची जागा. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत. खाचा पाडलेल्या आडव्या लाकडांत त्या सरकवून बसवत. लाकूड आकसलं, फुगलं, तरी त्याला हलायला वाव राही. आपल्याकडच्या वाड्यातही खालच्या मजल्याला सारवण आणि वर फळ्यांची जमीन असायची, म्हणजे माती आणि लाकूड यांचे मजले वेगळे. कोरियन सुताराने ते ऋतूंप्रमाणे वेगळे केले. हिवाळ्याला दगड आणि कागद, उन्हाळ्याला लाकूड. आग आणि लाकूड यांना त्याने एका खोलीत कधी आणलं नाही, आणले तर काय होईल हे त्याला ठाऊक होतं.

या गरम जमिनीची सुरुवात काही श्रीमंतांकडून झालेली नाही. दहाव्या शतकात चीनमध्ये पूर्ण झालेल्या 'जुना तांग इतिहास' या ग्रंथात कोगुर्यो राज्याच्या लोकांबद्दल नोंद आहे. तिथे गरिबी फार, आणि हिवाळ्यात लोक लांब चर बांधून त्यांच्याखाली विस्तव ठेवून ऊब मिळवतात, अशा अर्थाची. म्हणजे ज्याच्याकडे खोलीभर कोळसा पेटवायची ऐपत नाही त्याने चुलीचा वाया जाणारा धूर वापरून शोधलेला हा उपाय. राजवाडे आणि सरदारांची घरं पुढे कितीतरी शतकं लाकडी जमिनी आणि निखाऱ्यांच्या शेगड्या वापरत होती. साधारण सतराव्या शतकात, थंडी वाढलेल्या काळात, ओंडोल त्यांच्याही घरात सर्रास शिरला. खालून वर चढलेली ही चाल आहे.

धूर अडवणारा कागद

तो पिवळा कागद म्हणजे सजावट, असा आपला समज होतो. खरं तर त्याचं पहिलं काम धूर अडवणं.

मातीच्या लेपाला भेग गेली की तिच्यातून धूर वर येतो. जळण लाकडाचं असेपर्यंत हा धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला काढतो, माणसाला जागं करतो. कोरियन युद्धानंतर मात्र जळण बदललं. डोंगर बोडके झाले होते, सोल शहर झपाट्याने वाढत होतं, आणि लाकडाच्या जागी यॉनतान आलं. यॉनतान म्हणजे दगडी कोळशाच्या भुकटीची दाबून केलेली, आरपार भोकं असलेली दंडगोल वडी. जळत्या वडीवर नवी वडी ठेवताना वरची आणि खालची भोकं जुळवावी लागत, नाहीतर हवा कोंडून आग विझे. घरातल्या कुणालातरी, बहुधा आईला, रात्री उठून ही वडी बदलावी लागे. जळून गेलेल्या वड्यांची राख गल्लीतल्या बर्फावर टाकत, म्हणजे पाय घसरत नसे.

यॉनतान स्वस्त होतं, रात्रभर धगधगायचं, आणि त्याला धूर जवळजवळ नव्हता. घात तिथेच होता. त्याच्या जळण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. जमिनीला केसाएवढी भेग असली तरी तो वर येई, आणि वर त्याच जमिनीवर नाक टेकून सगळं कुटुंब झोपलेलं. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत बातम्या येत. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या गिरणीतल्या मुली, परीक्षेसाठी शहरात आलेली पोरं, नवी लग्नं झालेली जोडपी. गॅस लागलेल्या माणसाला मुळ्याच्या लोणच्याचं गार आंबट पाणी पाजायचं, हा घरोघरचा उतारा होता. त्याने जीव वाचत नसत. मोठ्या इस्पितळांत दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या टाक्या बसवाव्या लागल्या, इतकी ही रोजची गोष्ट झाली होती.

हे वाचताना मला आपली शेक-शेगडी आठवते. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, वावडिंग, दारं-खिडक्या बंद. अंगाला खालून ऊब दिली की ते भरून येतं, ही समजूत आपल्याकडे जेवढी जुनी तेवढीच तिकडेही. कोरियन बाळंतीणही खोलीतल्या सगळ्यात गरम जागी झोपवली जाई. आणि कोंदट खोलीतल्या निखाऱ्यांचा धोकाही दोन्हीकडे तोच. फरक इतकाच की आपली शेगडी चाळीस दिवसांची आणि त्यांची जन्मभराची.

म्हणून त्या काळातल्या कोरियन गृहिणीला जमिनीवरचं आवरण ही जीवन-मरणाची बाब होती. कागद फाटला की लगेच ठिगळ. पुढे कागदाची जागा व्हिनाइलच्या गुंडाळीने घेतली. 1926 साली अमेरिकेत वॉल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने कडक पीव्हीसीला मऊ, लवचीक करण्याची युक्ती शोधली होती. त्या शोधाचं पिल्लू चार-पाच दशकांनी कोरियन घरांत पोचलं. खोलीच्या मापाचा अखंड तुकडा अंथरायचा, कडा भिंतीवर चढवायच्या. पाणी लागत नाही, सांधे कमी, पुसायला सोपं. गंमत अशी की या गुंडाळ्यांवर लाकडाआधीपासून एक चित्र छापलेलं असे, आणि ते होतं तेल पाजलेल्या पिवळ्या कागदाचं. प्लास्टिकने पहिली नक्कल केली ती लाकडाची नाही, कागदाची. घराला जी जमीन ओळखीची, तिचा चेहरा त्याने घातला.

आग खोलीबाहेर जाते

जमीन खालून तापवण्याची कल्पना एकट्या कोरियाची नाही. रोमन लोकांच्या स्नानगृहांत विटांच्या बुटक्या खांबांवर जमीन उचललेली असे आणि खालच्या पोकळीत भट्टीचा धूर फिरे. व्हिट्रुव्हिअस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने तिची कृती लिहून ठेवली आहे: खांब दोन फूट उंच, आणि पोकळीच्या तळाला भट्टीकडे असा उतार की आत टाकलेला चेंडू परत भट्टीच्या तोंडाशी यावा. वर जाड लाद्या, चुन्याचा थर, संगमरवर किंवा रंगीत खड्यांची नक्षी. भट्टीत जळण घालायला गुलाम. तिथेही आगीवर लाकूड नव्हतं.

आधुनिक जगात ही ऊब परत आली ती बऱ्याच अंशी एका अमेरिकन माणसाला थंडी वाजली म्हणून. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट टोकियोत इंपीरियल हॉटेलच्या कामासाठी येत-जात होता. आत्मचरित्रात तो सांगतो की उद्योगपती बॅरन ओकुरा यांच्याकडे हिवाळ्यात जेवायला गेला असताना तो गारठून गेला. जेवणानंतर यजमानांनी सगळ्यांना 'कोरियन खोली'त नेलं, आणि तिथे कुठलीही शेगडी दिसत नसताना अंगातली थंडी पळाली. ऊब जमिनीतून येत होती.

त्या उबेमागे एक कटू गोष्ट आहे. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात गेलेला होता. सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यातली युवराजाची इमारत, जासॉनदांग, उचकटून टोकियोत ओकुरांच्या वाड्यात नेऊन उभारली गेली होती. 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत ती जळाली. उरलेले पायाचे दगड 1990 च्या दशकात कोरियाला परत आणले. जिंकलेल्या देशाची जमीन पाहुण्यांना दाखवण्याच्या त्या काळात राइटने ओंडोल अनुभवला.

त्याने त्यातला धूर काढून टाकला. 1937 साली विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी त्याने जेकब्स नावाच्या पत्रकारासाठी साधं घर बांधलं, खर्च 5,500 डॉलर. काँक्रीटच्या स्लॅबखाली नळ्या टाकल्या आणि स्लॅबलाच लाल रंग देऊन मेण घासलं. राइटला लाकूड अतिशय प्रिय, त्या घराच्या भिंती लाकडाच्याच आहेत. जमिनीवर मात्र त्याने ते घातलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्यांच्या शेतांत लेव्हिटाउन उभं राहिलं. 1947 ते 1951 या काळात 17,000 हून जास्त घरं, युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी. तळघर नाही, सरळ काँक्रीटचा स्लॅब, स्लॅबमध्ये तांब्याच्या नळ्या, वर डांबरी मिश्रणाच्या पातळ फरश्या चिकटवलेल्या. त्या काळच्या अशा फरश्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असे. सुरुवातीच्या करारांत कलम होतं की गोऱ्या वंशाबाहेरच्या कुणाला या घरात राहू देऊ नये, घरकाम करणारे नोकर वगळून. गरम जमिनीवर कुणी बसायचं आणि कुणी ती फक्त पुसायची, हे तिथे कागदावर लिहिलेलं होतं. वर्षं गेली तशा काँक्रीटमधल्या नळ्या गंजून गळू लागल्या. फरशी फोडण्यापेक्षा अनेकांनी त्या तशाच सोडल्या आणि भिंतीकडेला नवे हीटर लावले.

कोरियात हाच बदल 1970 च्या दशकापासून घराघरांत झाला. यॉनतान राहिलं, पण ते खोलीखाली न जळता बाजूच्या बॉयलरमध्ये जळू लागलं आणि जमिनीत गरम पाणी फिरू लागलं. नंतर तेल आणि गॅस आला. आग खोलीखालून निघाली आणि लोकांचं रात्रीचं मरण कमी झालं. सुरुवातीच्या अनेक अपार्टमेंटांत बेडरूमला ओंडोल आणि दिवाणखान्याला पाश्चात्त्य धर्तीचे रेडिएटर होते, जणू हानोकच्या दोन जमिनी अजून वेगळ्या राहत होत्या. लोकांना ते पटलं नाही. दिवाणखान्याची जमीनही गरम हवी होती. तीही तापू लागली, आणि तेव्हा जुना प्रश्न पहिल्यांदा समोर आला: मारूची जागा आता आगीवर आली होती. तिथे लाकूड कसं घालायचं?

लाकूड स्वस्थ बसत नाही

पावसाळ्यात फुगणारं दार सगळ्यांनी पाहिलेलं आहे. जूनमध्ये अडकतं, जानेवारीत आपोआप मोकळं होतं. झाड तोडून शंभर वर्षं झाली तरी लाकूड हवेतली ओल घेत नि सोडत राहतं. ओल घेतली की रुंदीत फुगतं, सोडली की आकसतं. लांबीत मात्र फरक जवळजवळ पडत नाही. सगळी भानगड या असमान हालचालीत आहे.

आकड्यांत बघू. 100 मिमी रुंदीची ओकची फळी घ्या. तिच्यातली ओल चार टक्क्यांनी उतरली तर ती साधारण दीड मिमी आकसते. चार मीटर रुंद खोलीत अशा 40 फळ्या. सगळ्या फटी एकत्र केल्या तर जवळजवळ सहा सेंटिमीटर. आपला सागवान या बाबतीत फार समजूतदार, तो ओकच्या सुमारे निम्मंच हलतो, म्हणून तर जहाजांच्या डेकवर त्याला मान. पण शून्य तोही नाही. आणि गरम स्लॅब म्हणजे फळीच्या पोटाला सतत चाललेला कोरडा उन्हाळा. खालची बाजू सुकते, वरची मागे राहते, फळी वाकते. एप्रिलमध्ये बॉयलर बंद होतो, मग कोरियाचा दमट पावसाळा येतो, आणि तीच फळी उलट दिशेने फुगते.

दुसरी अडचण ऊब पोचण्याची. सारख्याच जाडीचा लाकडाचा थर काँक्रीटच्या आठ-दहा पट उष्णता अडवतो. जमिनीखाली आग ठेवून वर जाड फळ्या अंथरणं म्हणजे चुलीवर पातेलं ठेवून मध्ये पाट सरकवण्यासारखं. युरोपात या कामाचे जे नियम आहेत त्यांत म्हणून वरच्या आवरणाने किती उष्णता अडवावी याला मर्यादा घातलेली आहे, आणि वावरायच्या जागी जमिनीचा पृष्ठभाग 29 अंशांपेक्षा जास्त तापू नये असं म्हटलेलं आहे. लाकूड असेल तर कारागीर 27 वरच थांबतात.

उत्तर निघालं ते लाकूड कमी कमी करत. पहिली पायरी प्लायवूडची. पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवले की प्रत्येक थर शेजाऱ्याला हलू देत नाही, कारण ज्या दिशेला एकाला हलायचं असतं त्या दिशेला दुसरा ताठ असतो. वर खऱ्या लाकडाची कागदासारखी पातळ चकती. कोरियन बाजारात या मालाचं नाव 'ओंडोल-मारू' पडलं. शेकडो वर्षं वेगळ्या राहिलेल्या दोन जमिनी या नावात पहिल्यांदा एकत्र आल्या.

दुसरी पायरी लाकडाच्या फोटोची. स्वीडनच्या पेर्स्टॉर्प कंपनीने 1977 साली लॅमिनेटची जमीन तयार केली: दाबलेल्या भुश्श्याचा पाया, त्यावर लाकडाचं छापील चित्र, त्यावर कडक पारदर्शक थर. नव्वदच्या दशकाच्या मध्यात स्वीडन आणि बेल्जियममध्ये गोंदाशिवाय कडांत कडा अडकवायची खाच निघाली. कोरियाने आपल्या सोयीचं तिसरंच मिश्रण पसंत केलं. खाली प्लायवूड, वर सनमायकासारखा छापील थर, एकूण जाडी सात-साडेसात मिमी, आणि सगळं काँक्रीटला घट्ट चिकटवलेलं. त्याला गांगमारू म्हणतात, म्हणजे 'बळकट मारू'. के-ड्रामात दिसतं ते बहुतेक वेळा हेच.

वरच्या मजल्यावरचं काम

सुवॉनला आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये जमीन बदलत होते तेव्हा मी परवानगी काढून दोन दिवस बघत बसलो. मुख्य कारागीर साठीचा, सगळे त्याला आदराने मास्तर म्हणावं तसं हाक मारत. त्याच्या कामातला जास्त वेळ बसवण्यात गेला नाही, बसवण्याआधीच्या तयारीत गेला.

नवा थर टाकला असेल तर तो आधी सुकायला हवा. युरोपातले नियम सिमेंटच्या थराला 21 दिवस देतात, मग नळ्यांत 25 अंशांचं पाणी तीन दिवस, मग पूर्ण उष्णता चार दिवस. म्हणजे जमीन झाकायच्या आधी ती एकदा तापवून तिचं पाणी काढून टाकायचं. ती ओल आत राहिली तर पहिल्या हिवाळ्यात वर चढते आणि वरचं लाकूड फुगवते. मास्तरांनी जुना गोंद खरवडला, चढउतार घासून काढले, भिंतीकडेला, खिडकीखाली, मध्यभागी असा ओलीचा मीटर लावत फिरले. मीटर झाल्यावर तळहात टेकवून पाहिलं. नळ्या कुठून जातात हे हाताला कळतं म्हणाले, कारण तिथे ऊब जरा जास्त असते. फळ्यांचे गठ्ठे आदल्या दिवशीच खोलीत उघडून ठेवले होते, त्यांना त्या घराची हवा लागावी म्हणून.

मग दातेरी थापीने गोंद पसरणं, फळी दाबणं, रबरी हातोडा. पोकळी राहता कामा नये, कारण पोकळीत हवा आणि हवा ऊब अडवते. पोकळ जागेवर पाऊल पडलं की आवाजही होतो. खालच्या मजल्यावर ऐकू जाणारा पावलांचा आवाज हे कोरियन सोसायट्यांमधलं भांडणाचं मोठं कारण आहे. त्यापायी नव्या अपार्टमेंटांचा स्लॅब 210 मिमी जाड करण्याचा नियम आला. भिंतीशी बारीक फट सोडली आणि ती स्कर्टिंगच्या पट्टीखाली झाकली. ती फट म्हणजे हानोकच्या खाचेची पणती. हालचाल पूर्ण थांबत नाही, तिला जागा द्यावीच लागते, एवढं शहाणपण तिथून इथवर आलेलं आहे.

मी त्यांना विचारलं, खरं लाकूड का नाही? ते म्हणाले, गिऱ्हाइकाला लाकूड बघायला हवं असतं आणि दगडावर बसायला.

आरेन्मोक

पुण्यात माझ्याकडे येणारी मंडळी लाकडी दिसणारी टाइल पसंत करताना हमखास विचारतात, खोटं वाटणार नाही ना? या इतिहासातून गेल्यावर मला तो शब्द तितका सोपा वाटत नाही. गरम स्लॅबवर अख्खं लाकूड भेगाळतं, वाकतं आणि ऊब अडवतं. तिथे लाकडाचं चित्र टिकतं, कारण ते हलत नाही. नक्कल म्हणून ती हलकी असेल, पण तिच्यामुळे दिवाणखान्यातला म्हातारा माणूस हिवाळ्यात खाली बसू शकतो.

तरी दोन गोष्टी त्या गुळगुळीत जमिनीखाली झाकल्या गेल्या. एक म्हणजे आगीची आठवण. पिवळा कागद रोज बजावायचा की खाली धूर आहे, भेग बघ. आजची जमीन काही सांगत नाही. डिसेंबर 2018 मध्ये बारावीची मोठी परीक्षा संपवून सोलची दहा मुलं गांगनुंग या समुद्रकाठच्या शहरात सहलीला गेली आणि एका लहानशा लॉजमध्ये उतरली. बॉयलरची धूर बाहेर नेणारी नळी सांध्यातून निसटलेली होती. तीन मुलं गेली. ती मुलं जन्मली तेव्हा यॉनतानच्या बातम्या आजीच्या गोष्टींत जमा झाल्या होत्या. त्यानंतर अशा ठिकाणी गॅसची सूचना देणारं यंत्र सक्तीचं झालं. जे काम पूर्वी घरातली बाई डोळ्यांनी करायची ते आता छताजवळचा पांढरा डबा करतो.

दुसरी गोष्ट आरेन्मोक. जुन्या खोलीत चुलीकडची बाजू सगळ्यात गरम, तिला आरेन्मोक म्हणत, आणि लांबच्या थंड बाजूला विन्मोक. आरेन्मोकचा कागद वर्षानुवर्षांच्या उष्णतेने करपून तपकिरी पडलेला असे. तिथे आजी-आजोबा, पाहुणे, आजारी माणूस. कामावरून उशिरा येणाऱ्याची भाताची झाकलेली वाटी गोधडीखाली तिथेच ठेवलेली असे. धाकट्यांनी विन्मोकला. नळ्यांनी खोलीभर सारखी ऊब आणली, आणि मानाची जागा संपली, तशी वाटी ठेवायची जागाही. 2018 मध्येच ओंडोलची संस्कृती दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय अमूर्त वारशात नोंदवली गेली.

हे दोन शब्द मात्र भाषेत जिवंत आहेत. अर्थव्यवस्था सुधारल्याच्या बातम्या आल्या की कोरियन वर्तमानपत्रं अजून विचारतात, आरेन्मोकची ऊब विन्मोकपर्यंत पोचली का? प्रश्न अलंकारिक आहे, पण सोलच्या कडेच्या काही डोंगरवस्त्यांत आजही म्हातारी माणसं यॉनतानवर राहतात, आणि डिसेंबरात कॉलेजची मुलं रांगेत उभी राहून हातोहात त्यांच्या दारापर्यंत त्या काळ्या वड्या पोचवतात. त्यांच्या खोलीतली जमीन बहुधा लाकडी दिसत नाही. पिवळ्या व्हिनाइलची गुंडाळी, कडा भिंतीवर चढवलेल्या, आणि जिथे फाटलं तिथे चिकटपट्टी.